महिन्याला एक पान

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा दिवाणखान्यात फिश टँक दिसू लागला आहे. नव्या घराची वास्तुशांत झाली, मुलाला चांगले मार्क पडले, दुकान वाढवलं, की टीव्हीशेजारी काचेची पेटी येऊन बसते. त्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकची हिरवी-गुलाबी झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा एक पेटारा आणि कुणीतरी सांगितलेल्या हिशेबाने आठ सोनेरी मासे आणि एक काळा. पाहुणे येतात, कौतुक करतात, लहान मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. आठवडा छान जातो. मग एक दिवस सकाळी एक मासा उलटा होऊन तरंगताना दिसतो.

अशा वेळी आपल्याकडे हमखास एक वाक्य ऐकू येतं. ‘वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मैत्रिणींनो, या वाक्याने किती सोय होते बघा! मासा का मेला, हे कुणाला विचारावंच लागत नाही. दुकानातून दुसरा मासा येतो, तोही संकट घेऊन जातो, मग तिसरा. सहा महिन्यांनी पेटी माळ्यावर जाते आणि तिच्यात जुन्या वह्या भरल्या जातात. इतकी संकटं खरंच आपल्या घरावर चालून येत होती का, की संकट त्या पेटीतच होतं?

बहुतेक वेळा ते पेटीतच असतं, आणि त्याचं नाव आहे घाई. म्हणूनच आज माशांविषयी लिहायच्या आधी एका झाडाविषयी लिहावंसं वाटतं. पाण्यात राहणारं, दिसायला साधं आणि वाढायला इतकं सावकाश, की महिन्याला जेमतेम एखादं पान देणारं. त्याचं नाव अनुबियास.

अनुबियास मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. तिथल्या जंगलांतल्या ओढ्यांच्या काठी, झाडांच्या सावलीत, दगडांना आणि पडलेल्या ओंडक्यांना धरून ते वाढतं. कधी अर्धं पाण्यात, कधी पूर्ण पाण्याखाली, कधी नुसत्या ओलाव्यावर. घरगुती पेटीसाठी त्याची सर्वांत लोकप्रिय जात म्हणजे ‘नाना’. हा आपल्याकडचा नाना नव्हे बरं का! लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ बुटकी. ही जात खरोखरच वीतभरही उंच होत नाही. पानं गडद हिरवी, जाड, चकचकीत, बदामाच्या आकाराची.

आणि गंमत म्हणजे हे परदेशी पाहुणं आपल्या अळूचं, सुरणाचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात येणाऱ्या शेवळांचं भाऊबंद आहे. सगळी एकाच कुळातली. अळूचं फदफदं नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, तो त्यातल्या बारीक टोकदार स्फटिकांमुळे. अनुबियासच्या पानांतही तसे स्फटिक असतात, शिवाय पान चिवट. त्यामुळे इतर नाजूक झाडं चार दिवसांत फस्त करणारे गोल्डफिशसुद्धा सहसा याच्या वाटेला जात नाहीत. कधी मन लावून वाढलं तर फूलही येतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. पांढुरकं, अँथुरियमच्या फुलाची छोटी बहीण शोभावी असं.

आता लावायचं कसं? इथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. झाड म्हटलं की आपला हात आपोआप मातीकडे जातो. खड्ड्यात पुरायचं, वरून दाबायचं. अनुबियासला हे अजिबात चालत नाही. त्याला आल्यासारखं, हळदीच्या गड्ड्यासारखं एक आडवं जाड खोड असतं. वरच्या बाजूने पानं फुटतात, खालून मुळं. हे खोड खड्यांत पुरलं की कुजू लागतं, मऊ पडतं आणि पानं एकेक करून सुटतात. मुळं खड्यांत गेली तर हरकत नाही, खोड मात्र उघडं राहिलं पाहिजे.

सर्वांत सोपी रीत म्हणजे हे झाड दगडाला बांधणं. नदीतला एखादा गुळगुळीत काळा दगड स्वच्छ धुऊन, उकळत्या पाण्याने शेकून घ्यावा. साबण लावू नये. त्यावर झाड ठेवून शिवणाच्या साध्या सुती दोऱ्याने दोन-चार वेढे द्यावेत. फार आवळू नये, फूल देठाला न दुखवता गजऱ्यात ओवतो तेवढ्याच हाताने. दोन-तीन महिन्यांत मुळं दगडाला घट्ट धरतात आणि तोवर दोरा आपोआप कुजून गेलेला असतो. मग पेटी साफ करताना दगडासकट झाड उचलून बाजूला ठेवता येतं.

नवीन आणलेलं झाड पहिल्या महिन्यात एक-दोन पानं पिवळी करील. घाबरू नका. रोपवाटिकेत ही झाडं पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली आल्यावर त्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. सासरी आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ‘रुळली का?’ म्हणून विचारतात, तसलाच उतावळेपणा इथे नको. पिवळं पान देठापाशी कात्रीने कापावं आणि खोड हाताला टणक लागतंय ना, एवढं बघावं. खोड टणक आहे तोवर झाड जिवंत आहे.

आता उजेड. झाडाला भरपूर ऊन हवं, हे आपण तुळशीवरून शिकलो. अनुबियास मात्र सावलीत वाढलेलं. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवली किंवा दिवा पहाटेपासून रात्री अकरापर्यंत चालू ठेवला, तर झाड काही भराभर वाढत नाही, वाढतं ते शेवाळ. महिन्याला एक पान देणारं झाड आपल्या पानावर बसलेल्या शेवाळाला मागे टाकू शकत नाही. बघता बघता पानाच्या कडांवर हिरवे-काळे ठिपके येतात. साधा एलईडी दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. रोज ठरावीक वेळी लावावा, ठरावीक वेळी बंद करावा. शेवाळ आलंच तर पान पाण्यातच बोटांच्या चिमटीत धरून हलकेच पुसावं, दिव्याचा तास-दीड तास कमी करावा आणि माशांचं खाणं जास्त होतंय का ते पाहावं. फार माखलेलं जुनं पान कापून टाकलं तरी चालतं.

खताचा मोह मात्र आवरा. कुंडीतल्या गुलाबाला घालतो तो युरिया किंवा शेणखत पेटीत चिमूटभरही जाता कामा नये. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि तो माशांना विष आहे. माशांच्या विष्ठेतून मिळतं तेवढं पोषण अनुबियासला बहुतेक वेळा पुरतं. जो कमी खातो, त्याला आग्रह करकरून वाढू नये. हे माणसांइतकंच झाडालाही लागू.

पाण्याचं म्हणाल तर हे झाड आपल्या छोट्या गावांच्या परिस्थितीला अगदी धार्जिणं आहे. बोअरचं जड पाणी त्याला चालतं. नळाचं पाणी असेल, तर त्यात टीसीएल पावडरचा क्लोरिन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना आणि पेटीतल्या उपयोगी जिवाणूंना घातक. पाणी पसरट बादलीत उघडं करून २४ तास ठेवावं म्हणजे बराचसा क्लोरिन उडून जातो, किंवा दुकानात मिळणारे क्लोरिन मारणारे थेंब घालावेत. आठवड्यातून एकदा पेटीतलं चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच असं तयार पाणी घालायचं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. म्हणजे हे काम एका बादलीचं. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. झाडं खूश होतात.

मराठवाडा-विदर्भातल्या मैत्रिणींना उन्हाळ्याची काळजी असेल. अनुबियासला २२ ते २८ अंश तापमान मानवतं. पाणी त्याहून तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. एकदम बर्फाचे खडे टाकू नयेत, त्या धक्क्याने मासे दगावतात. झाकण काढून वर जाळी बांधावी, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा आणि उडालेल्या पाण्याची रोज भर घालावी. वीज जाऊन पंप बंद पडला, तर अधूनमधून तांब्याने पाणी उंचावरून त्याच पेटीत ओतावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्या जिव्हाळ्याचं. स्वच्छता!

आपल्याला घर लखलखीत लागतं. दिवाळीच्या आधी डबे-बरण्या, पंखे, माळे, सगळं निघतं. त्यात फिश टँकचाही नंबर लागतो. मासे बादलीत, खडे पावडरने घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा, काच आरशासारखी, पाणी शंभर टक्के ताजं. संध्याकाळी पेटी अशी काही झळकते की बघत राहावं. आणि भाऊबीजेपर्यंत मासे मरू लागतात.

असं का होतं? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात सतत अमोनिया तयार होत असतो. त्या स्पंजमध्ये, खड्यांवर, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण एका दुपारी ती साबणाने धुऊन टाकतो. विरजणाचं भांडं घासूनपुसून ठेवलं आणि त्यात नुसतं दूध ओतलं, तर दही लागेल का? पेटीचंही तसंच आहे. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा हलकेच पिळावा, एवढं पुरे. खड्यांवरची घाण नळीने ओढून घ्यावी. पाणी एकदम सगळं कधीच बदलू नये.

नवीन पेटीतही हाच नियम. संध्याकाळी पेटी आणली, रात्री पाणी भरलं, सकाळी नऊ मासे सोडले, हे म्हणजे आधी कळस मग पाया. आधी पाणी भरा, दगडाला बांधलेलं अनुबियास ठेवा, पंप-फिल्टर सुरू करा. रोज माशांच्या खाण्याची अगदी चिमूट टाका, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. अनुबियास सावकाश वाढतं म्हणून ते पाण्यातली घाणही सावकाशच शोषतं. तेव्हा सोबतीला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटलेली व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला लावावी. ती भराभर वाढते आणि सुरुवातीचा भार उचलते. महिना-दीड महिन्याने दोन-तीन छोटे गप्पी सोडावेत. मग पंधरा दिवसांनी आणखी दोन. त्यांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घालावं. एवढं केलं, तर संकट स्वतःवर घेण्याची वेळ त्या बिचाऱ्यांवर येणार नाही. आणि गोल बरणीत गोल्डफिश तर ठेवूच नये. तो वीतभर वाढणारा मासा आहे, त्याला भरपूर पाणी लागतं.

काचेच्या पेटीत पाण्यातला जीव ठेवून त्याच्याकडे धीराने बघत बसण्याची ही विद्या कुणी सुरू केली, ठाऊक आहे? एका शिवणकाम करणाऱ्या बाईने! झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधल्या एका खेड्यात १७९४ साली जन्मलेली, चांभाराची मुलगी. पॅरिसला जाऊन ती कपडे शिवायला लागली आणि १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावरच्या कामाने तिचं नाव झालं. लग्नानंतर ती सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या जातीचा एक प्राणी असतो. तो आपलं नाजूक शिंपलं स्वतः बनवतो की दुसऱ्या प्राण्याचं चोरतो, यावर त्या काळचे विद्वान वाद घालत होते. झानने १८३२ साली काचेच्या पेट्या बनवून घेतल्या, त्यांत ते जिवंत प्राणी ठेवले आणि त्यांचं निरीक्षण करत राहिली. शिंपलं तो स्वतःच बनवतो, फुटलं तर दुरुस्तही करतो, हे तिने दाखवून दिलं. तिच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. नजर होती, आणि धीर होता. पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने मासे, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी महिनोन्‌महिने निरोगी कसं राहतं, ते मांडलं. म्हणजे पेटीत झाड हवं, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलेली आहे. आपण मात्र प्लॅस्टिकची झाडं घालून बसलो आहोत.

‘आमच्या गावात हे झाड कुठे मिळणार?’ हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात अनुबियास सहज मिळतं. हल्ली कुरिअरनेही येतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानदाराला सांगितलं तर तो मागवून देतो. इतर झाडांपेक्षा थोडं महाग पडतं, कारण वाढायला वेळ लागतो. पण एक आणलं की पुरे. वर्ष-दोन वर्षांनी खोड लांबलं, की स्वच्छ धारदार ब्लेडने त्याचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पानं राहिली पाहिजेत. तो तुकडा दुसऱ्या दगडाला बांधा आणि मैत्रिणीला द्या. ब्रह्मकमळाचं पान, गवती चहाचा गड्डा आपण असेच तर एकमेकींना देत आलो. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे पुष्कळ लुटून झाले. एखाद्या वर्षी बारीकसा दगड आणि त्यावर चार पानांचं अनुबियास, असं वाण द्यायला काय हरकत आहे?

आपल्या कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांतही पेटीत शोभतील अशी सावकाश वाढणारी झाडं आहेत. क्रिप्टोकोरिन ही त्यातलीच, तीही अळूच्याच कुळातली. पण ती ओढ्यातून उपटून आणू नका. तिचं घर तिथे आहे. रोपवाटिकेत वाढवलेली मिळाली तर घ्या. आणि जागा बदलल्यावर तिची पानं विरघळल्यासारखी झडली तर फेकू नका. मुळं शाबूत असतील तर आठ-पंधरा दिवसांत नवे कोंब येतात.

याच्या उलटंही लक्षात ठेवायला हवं. पेटीचा कंटाळा आला म्हणून त्यातली झाडं आणि मासे नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. ‘पुण्य लागेल’ म्हणून तर मुळीच नको. पवना आणि इंद्रायणी झाकून टाकणारी जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच बाहेर पडली होती. काच साफ करतो म्हणून आपण आणतो तो काळा सकर माशीसुद्धा परदेशी आहे आणि असाच सोडला गेल्यामुळे देशातल्या अनेक जलाशयांत पसरून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या. छाटलेली झाडं उन्हात वाळवून मग कचऱ्यात टाका.

शेवटी एक घरातली गोष्ट. पेटी आणण्याची हौस बहुधा घरातल्या पुरुषांची नाहीतर मुलांची असते आणि आठ दिवसांनी तिची निगा आपोआप बाईच्या गळ्यात पडते. हौस एकाची, उस्तवार दुसरीची! कुत्रा असो, कुंड्या असोत की मासे, हे ठरलेलंच. अनुबियासच्या बाबतीत हे बदलणं सोपं आहे, कारण काम थोडं आहे. रविवारी सकाळी एक बादली पाणी बदलणं हे बाबांचं. दिवा वेळेवर लावणं-बंद करणं आणि मोजून खायला घालणं हे मुलांचं. झाडावर नवं पान कधी आलं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणंही त्यांचंच. मोबाइलवर बोट फिरवलं की चित्र बदलतं, अशा जगात वाढणाऱ्या मुलांना एका पानासाठी महिनाभर थांबावं लागू दे की! आधी हिरवी सुरळी दिसते, मग ती रोज थोडी थोडी उलगडते, कोवळा पोपटी रंग हळूहळू गडद होतो. हे त्यांनी एकदा पाहिलं, की पेटीतला मासासुद्धा शोभेची वस्तू नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या घरी फिश टँक असेल, तर या रविवारी त्यातली प्लॅस्टिकची झाडं काढा. माळ्यावर गेला असेल, तर वह्या बाहेर काढून तो धुऊन घ्या. आणि नवीन घ्यायचा विचार असेल, तर दुकानात माशांच्या आधी झाड मागा. पहिलं नवं पान उलगडेपर्यंत मासे आणायचे नाहीत, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. महिन्या-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे.